गेरूची रेघ, कोळशाची रेघ

आत्याबाई,

आज सकाळी अकरा भाकरी थापल्या. बारावीला हात जड झाला म्हणून थांबले. उजवी पापणी नीट आहे, पाणी नाकात गेलं नाही, वेणी एका बैठकीत घालून झाली. संध्याकाळचं अजून व्हायचंय. विचारणारं कुणी राहिलं नाही, तरी सवय सुटत नाही, म्हणून सांगून टाकते.

परवा तुमच्या जाण्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. ह्यांचं म्हणणं, सून म्हणून मी चार शब्द बोलावेत. गावात तुम्हाला सगळ्यांत जास्त मीच सहन केलंय, तेव्हा तो हक्क माझाच आहे. पण कार्यक्रम संध्याकाळी आहे, आणि संध्याकाळी माझा आवाज पाचव्या-सहाव्या वाक्याला नाकातून यायला लागतो. लोकांना वाटेल सून रडतेय. तुम्हाला रडणं आवडायचं नाही आणि दिखाऊ रडणं तर मुळीच नाही. म्हणून बोलण्याऐवजी लिहायला बसले आहे. एक पान झालं की हात मांडीवर ठेवते, थोडं थांबते, पुन्हा लिहिते. तुमचा जन्म कधीचा हे कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळं ती माहिती देण्याचा प्रश्न मिटला.

मी लग्न होऊन तेरजवळच्या ह्या गावात आले, तेव्हा बहात्तरचा दुष्काळ सरून चार वर्षं झाली होती. विहिरींना पाणी आलं होतं, दूध सोसायटी निघाली होती, ह्यांना तिथं दूध तपासायचं काम लागलं होतं. पण तुमच्या बोलण्यातून दुष्काळ गेला नव्हता. भाजीत मीठ जास्त झालं तरी तुम्हाला पाझर तलावाचं काम आठवायचं. मामंजी त्याच्या आधीच गेलेले, पदरात एक पोरगं, आणि तुम्ही बारा बायकांच्या टोळीपुढं टिकाव घेऊन उभ्या. त्या कामावरची एक गोष्ट तुम्ही इतक्या वेळा सांगितलीत की मला ती स्वतः तिथं राबल्यासारखी पाठ आहे. खड्डा खणताना मधोमध मातीचा एक खांब तसाच सोडायचा. मूळ जमीन कुठवर होती ते त्या खांबाच्या माथ्यावरून कळायचं. साहेब टेप घेऊन यायचे, माथ्यापासून तळापर्यंत मोजायचे, तेवढं तुमचं काम. काही टोळ्या खांबाच्या डोक्यावर गुपचूप माती चढवायच्या, म्हणजे खड्डा खोल दिसतो. तुमच्या टोळीतल्या एकीनं तसं केलं, तेव्हा तुम्ही साहेबांसमोर ती माती पायानं उडवलीत. ती बाई दोन वर्षं तुमच्याशी बोलली नाही. तुम्हाला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

"आन माप झाल्याबिगर खांब पाडायचा न्हाय," हे शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं. "येकदा पाडला की मग कुणीबी कायबी म्हनावं."

मला तेव्हा वाटायचं, ह्या बाईला दुसरा विषयच नाही.

माझं दुखणं नेमकं कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही, कारण ते दुखणं आहे हेच मला कळलं नव्हतं. दुखत काहीच नव्हतं. ताप नाही, खोकला नाही, सूज नाही. सकाळी उठायचे ती ठणठणीत. पाणी भरायचे, बारा भाकरी थापायचे, बालवाडीत जाऊन पोरांना गाणी म्हणून दाखवायचे. दुपार कलली की अंगातलं बळ कुणी काढून घेतल्यासारखं व्हायचं. वेणी घालायला हात वर केले की आपोआप खाली यायचे. ज्वारीची भाकरी चावता चावता जबडा थांबायचा, मग हनुवटीला हात लावून तो हलवायचा. पाणी प्यायले की नाकातून बाहेर. कंदील एक लावलेला, दिसायचे दोन. उजवी पापणी अर्धी मिटायची, आणि शेजारची काशीबाई म्हणायची की तुमची सून डोळा मारती. झोपून उठलं की सगळं पुन्हा जागेवर.

असं दुखणं दाखवायचं कुणाला? दवाखान्यात जायचं ते सकाळी, आणि सकाळी मी धडधाकट. उस्मानाबादच्या एका डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून लाल गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की मूलबाळ नाही, बाईनं मनाला लावून घेतलं असेल. काशीबाईनं अंगारा सुचवला, तेव्हा तुम्ही तिला ताडकन म्हणालात, "ते सोडून आमाला लई वरसं झाली." मला तुमचं कौतुक वाटलं. ते फार वेळ टिकलं नाही, कारण लगेच तुम्ही तुमचं निदान सांगितलंत.

"हिला काय झालं न्हाय. हिला काम नगं."

तुम्ही गेलात म्हणून ते वाक्य मऊ झालं असं काही नाही. अजून तसंच लागतं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी पाचव्या भाकरीला माझे हात परातीतच राहिले. तुम्ही चुलीसमोर उकिडव्या बसून बघत होतात. "सकाळच्याला बारा थापल्या, आता पाचातच हात गळाले व्हय? नवरा घरी यायच्या टायमालाच बरं गळत्यात," असं म्हणालात. बोलायला गेले असते तर जीभ जड झाली होती, आणि तुम्हाला वाटलं असतं तोंड वेंगाडते. तुम्ही गुडघ्यावर हात टेकून उठलात. "थांब. तुजं मापच काढते."

दुसऱ्या दिवसापासून चुलीमागच्या पांढऱ्या मातीनं सारवलेल्या भिंतीवर रेघा सुरू झाल्या. सकाळी गेरूनं, संध्याकाळी कोळशानं. एका भाकरीला एक रेघ. त्याच्याखाली बाकीच्या गोष्टी: हापशावरून किती हंडे आणले, उकिडवं बसून हात न टेकता किती वेळा उठले, भाकरीचा चतकोर न थांबता चावून झाला का, आवाज कितव्या वाक्याला नाकात गेला. वेणी पुरी झाली तर ठिपका, अर्धी राहिली तर फुली. तुम्हाला लिहिता येत नव्हतं, पण त्या भिंतीवर काय कुठं आहे ते तुम्ही झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

तुमचा बेत साधा होता आणि तुम्ही तो लपवलाही नाही. महिनाभर पुरावा गोळा करायचा, भूमकडच्या माझ्या माहेराहून माझ्या वडिलांना, अप्पांना बोलवायचं, त्यांना भिंत दाखवायची आणि पोरगी परत न्या म्हणायचं. ह्यांना दूध तपासता येतं, आई तपासता येत नाही. मी मात्र त्या महिन्यात जिवाच्या आकांतानं राबले. मला परत जायचं नव्हतं. माहेरी गेलेल्या पोरीला गाव काय म्हणतं ते मी धाकट्या मावशीच्या बाबतीत पाहिलं होतं. एका संध्याकाळी जिद्दीनं नऊ भाकरी थापल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चारच झाल्या. तुम्ही गेरूच्या चार रेघा ओढल्यात आणि माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलंत. मला वाटलं, आता टोमणा येणार. आला नाही.

महिना भरला. अप्पा एसटीनं आले, टोपी काढून हातात घेतली आणि गुन्हेगारासारखे भिंतीसमोर उभे राहिले. मी दारात होते. माझी पेटी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. तुम्ही बोट लावून सांगायला सुरुवात केलीत. "ही बगा सकाळ. ही तांबडी. आन ही काळी, ही संद्याकाळ..." आणि मध्येच थांबलात. बोट भिंतीवर तसंच. मग ते बोट मागं गेलं, पुन्हा पुढं आलं. बराच वेळ तुम्ही रांगेवरून रांगेवर फिरत होतात. अप्पांनी खाकरून बघितलं, तुम्ही लक्ष दिलं नाही.

"बबन," तुम्ही ह्यांना हाक मारलीत. "जरा हिकडं ये."

हे आले.

"कामचुकाराचं माप रोज येगळं येतंय. मुकादम बगतोय म्हनलं की वाडतंय, पाट फिरली की उतरतंय. म्या हितं फुड्यात बसून बगितलं तरी हिचं वाडलं न्हाय. दुपारी पडली त्या दिशी वाडलं. पानी जास्ती भरलं त्या दिशी उतरलं. ह्यात नाटक कुटं हाय? हिच्या खाली कातळ लागलाय."

अप्पांना कातळ समजला नाही. मला समजला. तुम्हीच सांगितलं होतं, पाझर तलावावर कातळ लागला की चांगल्या चांगल्यांचं माप कमी यायचं, आणि तेव्हा माणसाला नाही, जमिनीला बघायचं असतं. मी दारातच बसले आणि रडायला लागले. "रडू नगं, आवाज जाईल," तुम्ही म्हणालात. हे तुम्हाला कसं ठाऊक, तर तेही भिंतीवर होतं. मग अप्पांकडं वळलात. "न्हिऊ नका हिला. आदी सोलापूरला न्हेते."

झालं. एवढंच. महिनाभर जो आळ घेतलात, त्याबद्दल एक शब्द नाही. पेटीतली लुगडी मी परत वळणीवर टाकली, तुम्ही जवळून गेलात आणि म्हणालात, तेवढी परात घासून ठेव. ते भांडण आपल्यात तेव्हा झालंच नाही. मी कितीदा मनात तयारी केली होती. आधी काय म्हणायचं, मग काय म्हणायचं, सगळं ठरलेलं होतं. सकाळी तुम्ही कामात असायचात आणि संध्याकाळी माझा आवाज नसायचा.

ह्यांनी दूध सोसायटीच्या जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानावर सगळी भिंत उतरवून दिली, तांबड्या आणि काळ्या पेन्सिलीनं. आपण पहाटेच्या एसटीनं निघालो आणि त्या मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. तरुण डॉक्टरांनी मला हात वर करायला लावले, डोळे बघितले, जीभ बघितली. सगळं व्यवस्थित. कागदाकडं त्यांनी नजर टाकली आणि तो परत दिला. "आजी, काही झालेलं नाही हिला."

"सायेब, तुमी नुसता खांब बगितला. खड्डा बगा की."

त्यांना वाटलं म्हातारी विहिरीच्या कामाची तक्रार घेऊन आली. पुढच्या पेशंटला हाक मारली गेली.

त्यानंतरचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुम्ही मला व्हरांड्यात बसू दिलं नाहीत. जिना चढायला लावलात, उतरायला लावलात. बालवाडीतली सगळी गाणी म्हणायला लावलीत. दुपारी शिळी भाकरी कोरडी चावायला दिलीत, वर पाणी नाही. आजारी माणसाला दवाखान्यात आणून दिवसभर राबवणारी सासू मी दुसरी पाहिली नाही. लोक बघत होते. एका बाईनं तुम्हाला टोकलं, तर तुम्ही तिला म्हणालात, "आमचं काम चालू हाय, तुमी तुमचं बगा." चार वाजता माझी उजवी पापणी पडली, मग डावी. मान सावरेना. तुम्ही माझी हनुवटी हातात धरलीत, निरखून बघितलंत, आणि तुमच्या तोंडावर जो आनंद आला तो मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. "आता चल," म्हणालात.

मोठे डॉक्टर घरी निघाले होते. तुम्ही मला त्यांच्या वाटेत उभी केलीत आणि कागद पुढं धरलात. ते चालता चालता वाचायला लागले, मग उभे राहिले, मग परत आत जाऊन बसले.

"हे कुणी लिहिलं?"

"लिवलं लेकानं. मोजलं म्या."

त्यांनी मग एकेक विचारायला सुरुवात केली. बोलताना आवाज बदलतो का, घास चावताना दमते का, गिळताना ठसका लागतो का, झोपलं की दम लागतो का, दात घासताना किंवा केस विंचरताना हात थांबवावा लागतो का, एकाच्या जागी दोन दिसतात का. प्रत्येकाला तुम्ही आकड्यानं उत्तर दिलंत. खुर्चीवरून उठताना हाताचा आधार लागतो का, असं विचारलं तेव्हा तुम्ही जरा विचारात पडलात.

"खुर्ची आमच्यात न्हाय सायेब. उकिडवी बसून उटती ते चालंल का? सकाळी धा डाव उटती, संद्याकाळी दोन डाव, तिसऱ्याला भित धरती."

"खुर्चीपेक्षा चांगलं," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी मला एक इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, थांबा थोडा वेळ. डॉक्टर, तुम्ही आणि मी, तिघंही थांबलो. तुम्ही माझ्या समोर बसलात आणि माझ्या पापणीकडं अशा बघत होतात की मलाच संकोच वाटला. हळूहळू समोरच्या तुम्ही दोनाच्या एक झालात. तुमच्या कपाळावरचं हिरवं गोंदण आधी दिसलं, मग तुम्ही. माझे डोळे पूर्ण उघडे होते, संध्याकाळी, कित्येक महिन्यांनी. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की नसा हुकूम सोडतात, पण स्नायूपर्यंत तो पोचता पोचता तोकडा पडतो. विश्रांती घेतली की भरपाई होते, वापरलं की पुन्हा सरतं.

"म्हंजी खोटं न्हाय," तुम्ही म्हणालात.

"अजिबात नाही."

तुम्ही मान हलवलीत आणि खिडकीतून बाहेर बघायला लागलात. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सायकली होत्या. मी तुमच्याकडं बघत होते. आता काहीतरी म्हणाल असं मला फार वाटलं. तुम्ही वळलात आणि म्हणालात, "आता भाकरी खा." मी खाल्ली. अख्खी, न थांबता, हनुवटीला हात न लावता. तुम्ही घास मोजत होतात.

गोळी किती आणि कोणत्या वेळी द्यायची, हे डॉक्टर तुमच्या रेघांवरून ठरवू लागले. त्यांनी मोजायला आणखी एक गोष्ट दिली: एका दमात पन्नासपर्यंत मोठ्यानं आकडे म्हणायचे, आवाज कुठं फाटतो आणि दम कुठं संपतो ते बघायचं. पन्नास म्हणजे तुमच्या हिशेबात दोन इसा आन धा. दहाला एक रेघ, पन्नासला पाच. पुढं हे सगळं भिंतीवरून ह्यांच्या रजिस्टरात गेलं, भिंत सारवून पांढरी झाली, आणि तुम्ही रोज संध्याकाळी पाटावर बसून सांगायचात, हे लिहायचे. दुपारची गोळी चार वाजता घेतली तर भाकरी पाच होतात आणि तीनला घेतली तर नऊ, हे तुम्ही शोधून काढलंत. संध्याकाळ निभली की दुसऱ्या सकाळची बालवाडीही निभायची; ती माझ्याकडं राहिली ती त्या एका तासामुळं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आभार मानले असते तर तुम्ही म्हणाला असता, "जास्ती बोलू नगं, दम जाईल."

आणि मी तुमच्यावर चिडायचेही. रोज सकाळ-संध्याकाळ कुणी आपलं माप काढत असेल तर माणूस कावतोच. घास तोंडात असताना तुमची नजर जबड्यावर. पाहुण्यांसमोर विचारायचात, "वेणी पुरी झाली का फुली मारू?" भावाच्या लग्नाला जायचं होतं, तेव्हा मी भरभर मोजून पन्नास गाठले, की तब्येत चांगली दिसावी. तुम्ही हात वर केलात. "सावकाश. खांबावर माती चडवू नगं." पुन्हा मोजायला लावलंत, चौतीस झाले, आणि तुम्ही चौतीसच लिहायला लावलेत. लग्नाला मात्र पाठवलंत, सोबत स्वतः आलात आणि मांडवात तीन वाजता गोळी दिलीत.

आता तो शेवटचा उन्हाळा. तो लिहायचा म्हणून मी इतका वेळ बाकीचं लिहितेय.

एका सकाळी मला चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा दिसल्या. पाच, खाली पाच, खाली चार. मला वाटलं, रजिस्टरवर भरवसा नाही म्हणून पुन्हा सुरू केलं. रेघा वाढत गेल्या, म्हणजे रांगा वाढत गेल्या आणि रेघा कमी होत गेल्या. चार. चार. तीन. त्या दिवसांत मी रोज पंचेचाळीसच्या पुढं मोजत होते, रजिस्टरात तसंच लिहिलेलं होतं, आणि भिंतीवर तीन. माझं डोकं फिरलं.

"मी काल सत्तेचाळीस मोजले. हे तीन कुणाचे?" मी विचारलं.

तुम्ही उंबऱ्यावर बसला होतात. तेव्हा तुम्ही हापशावरून आलात की तिथं बराच वेळ बसायचात. पायांना सूज होती, तुम्ही उन्हाळ्यावर ढकलायचात. "माप हाय ते," म्हणालात.

"इतकी वर्षं झाली, अजून माझ्यावर संशय आहे का तुमचा?"

"भितीनं तुजं काय खाल्लं?"

मग मी बोलले. सगळं बोलले, जे सोलापूरच्या आधीपासून साठलं होतं ते. सकाळ होती, आवाज खणखणीत होता. खोटा आळ घेतलात, घरातून घालवायला निघालात, चुकलं एवढं एकदा तोंडातून निघालं नाही, आणि आता पुन्हा पुरावा गोळा करताय. तुम्ही ऐकून घेतलंत. मला वाटलं होतं तुम्ही तडकाल. तडकला असता तर बरं झालं असतं. मी पांढऱ्या मातीत पोतेरं बुडवलं आणि तुमच्या डोळ्यांदेखत ती सगळी रांग वरपासून खालपर्यंत सारवून टाकली.

"झालं समादान?" एवढंच म्हणालात.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी, ओल वाळलेल्या भिंतीवर, कोळशाच्या तीन रेघा. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. आपण कामापुरतं बोलत राहिलो. एक-दोनदा गोठ्यामागून तुमचं पुटपुटणं ऐकू आलं, आकडे म्हणत होतात. मला वाटलं गोवऱ्या मोजताय. तुम्ही काहीही मोजायचात. आठवड्यानं मी तपासणीसाठी सोलापूरला गेले, तीन दिवस. पहिल्यांदाच तुम्ही सोबत आला नाहीत. "बबनला ने," म्हणालात, "माजे पाय दुकत्यात." परत आलो त्यालाही थोडेच दिवस झाले आणि एका पहाटे तुम्ही उठला नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, पाणी साचत होतं, बरेच दिवस दम लागत असणार. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं त्यांनी विचारलं.

काल कार्यक्रमासाठी भिंतींना चुना द्यायला घेतला. चुलीमागं मी स्वतः गेले. तुमच्या रेघा होत्या. मी पोतेरं फिरवलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुम्ही गेलात त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत मोजल्या. एकोणीस रांगा. एकोणीस दिवस. मी पुन्हा मोजल्या. मधे मी तीन दिवस गावातच नव्हते, आत्याबाई. त्या तीन दिवसांच्याही रांगा होत्या. दोन, दोन, दोन. शेवटच्या रांगेत एकच रेघ होती, तीही अर्धी.

तुम्ही स्वतःचा दम मोजत होतात.

पुरावा पुरा झाल्याशिवाय बोलायचं नाही, ही तुमची रीत. महिनाभर माप घ्यायचं, मग माणसं बोलवायची. बहुतेक तुम्ही मलाच बोलावणार होतात. बोट लावून म्हणणार होतात, ही बग पाच, ही बग तीन. आणि वरच्या पाच-पाचच्या रांगा, जिथून उतार सुरू झाला ती मूळ जमीन, ती मी माझ्या हातानं पुसली. माप व्हायच्या आधी खांब पाडला. तुम्ही माझ्यावर आळ घेतलात हे खरं, पण आळ खरा की खोटा ते बघायला महिनाभर चुलीपुढं उकिडव्या बसलात. मी तुमच्यावर आळ घेतला आणि एक संध्याकाळसुद्धा तुमच्याकडं बघितलं नाही. चुकलं, आत्याबाई. माझं चुकलं. तुमच्यासारखं मला ते गिळता येत नाही. माझं गिळण्याचं मूळचंच अवघड आहे.

हे चुन्याची बादली घेऊन आत आले. मी भिंतीपुढं उभी होते. म्हणाले, सरक, एवढंच राहिलंय. मी म्हटलं, एवढं सोडा. का, विचारलं. मी सांगितलं, माप व्हायचंय अजून. ते बादली तशीच धरून रेघांकडं बघत राहिले. त्यांना मी काही समजावलं नाही. आयुष्यभर आईच्या रेघा उतरवून घेतलेला माणूस, त्यांनी स्वतःच बोट लावलं, वरून खाली नेलं, आणि त्या तीन दिवसांपाशी ते बोट थांबलं. मग ते जुनं रजिस्टर आणि काळी पेन्सिल घेऊन आले.

इथवर लिहिता लिहिता संध्याकाळ झाली. भाकरी सात. वेणीला ठिपका. एका दमात बेचाळीस. सावकाश मोजले, माती चढवली नाही. रेघ मात्र भिंतीवर ओढली नाही. तिथं तुमच्याच राहू देत.

तुमची सून,
शांता